आत कोण आहे?

मनीषनगरात घर पाहायला येणाऱ्याला पूर्वी भाड्याच्या आधी एक गोष्ट सांगावी लागे: घर फाटकाच्या अलीकडे की पलीकडे. वर्धा रोड आणि आमची वस्ती यांच्या मध्ये नागपूर–वर्धा लोहमार्ग आडवा पडला आहे, आणि हा काही आडवळणाचा फाटा नाही. मुंबईहून हावड्याकडे जाणारा आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा, देशाचे हे दोन मोठे मार्ग या तुकड्यावर एक होऊन धावतात. नागपुरात रेल्वे 1867 साली आली. मनीषनगर, बेसा, बेलतरोडीच्या इमारती उभ्या राहिल्या त्या त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. जागा आधी गाडीची, मग आमची. पण मे महिन्यातल्या दुपारी बंद फाटकासमोर हॉर्न वाजवणाऱ्याला हा इतिहास कोण सांगणार?

फाटक पडलं की दोन प्रकारची माणसं दिसत. एक, गाडी बंद करून, दुपट्टा नाकावर ओढून, मुकाट उभी राहणारी. दुसरी, इकडेतिकडे बघून स्कूटर तिरकी करणारी आणि दांड्याखालून सुळकन निघून जाणारी. त्यांना कुणी टोकलं तर उत्तर ठरलेलं असे: "गाडी कुठं दिसून राहिली बे?" खरंच, बहुतेक वेळा गाडी दिसत नसे. म्हणूनच तर ती सवय इतकी पक्की झाली होती. 2020 च्या अखेरीस वर्धा रोडवरचा दुमजली उड्डाणपूल सुरू झाला, त्याबरोबर मनीषनगरचा पूल आणि रुळांखालून जाणारा रस्ताही झाला, आणि फाटकाशी बांधलेली आमची वेळापत्रकं सुटली. पण दांड्याखालून जाण्याची ती वृत्ती काही पुलाबरोबर गेली नाही. ती मला रोज माझ्या कामात भेटते.

मी सॉफ्टवेअर लिहिते, बहुतेक दिवस घरूनच. आमच्या वस्तीत याचं कुणाला अप्रूप नाही. खापरीच्या पुढे मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली अर्धी गर्दी तिकडचीच असते. उरलेले आम्ही पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम नागपूरच्या कूलरसमोर बसून करतो. आणि कंपनी कुठलीही असो, या सगळ्या कामाच्या खाली बहुधा गिट नावाची एकच व्यवस्था असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या कामासाठी ती लिहायला घेतली आणि जुलैमध्ये ज्युनिओ हमानो यांच्या हाती सोपवली. ते आजही ती सांभाळतात. कुठल्या फाइलमध्ये कुणी, केव्हा, काय बदललं याची वही म्हणजे गिट. बदलाची नोंद पक्की करण्याला आम्ही कमिट म्हणतो. दिवसभरात ते इतक्यांदा होतं की हातांना त्याचं भान राहत नाही.

अशा वेळी गिट अचानक अडून बसतं. 'इंडेक्स.लॉक' नावाची फाइल बनवता येत नाही, म्हणतं, कारण ती आधीच आहे. पुढचा मजकूर फार सभ्य आहे. त्याचा आशय असा: या ठिकाणी दुसरं कुठलं तरी गिट चालू दिसतं, कदाचित कमिटचा संदेश लिहायला उघडलेला एडिटर असेल, सगळं थांबल्याची खात्री करा आणि पुन्हा करून पाहा. तरीही अडलं तर आधीचं एखादं गिट मध्येच मेलं असेल, तेव्हा फाइल हातानं काढून टाका. संगणकाच्या तक्रारींत इतकी समजूतदार तक्रार विरळा. आणि जगभर ती एकाच पद्धतीनं वाचली जाते: शेवटचं वाक्य तेवढं.

ही तक्रार रोज, प्रत्येक वेळी आली असती तर एका दुपारी निकाल लागला असता. ती येते अधूनमधून. सकाळी नाही, जेवणानंतर येते. आज आली, उद्या नाही. तुम्ही कुणाला दाखवायला बोलावलं की हमखास येत नाही. पुन्हा तीच आज्ञा दिली की निमूट चालते, त्यामुळे तिच्यामागे लागायला कुणाला फुरसत होत नाही. आमच्या टीममधला सगळ्यात लहान पोरगा, तोही नागपूरचाच, मला म्हणाला, "टेन्शन काहून घेता ताई? उडवून टाकायची ना. मी तर अलायसच बनवून ठेवला." त्यानं खरंच दोन अक्षरांची आज्ञा करून ठेवली होती. ती दाबली की लॉक फाइल पुसली जाई आणि लगेच कमिट होई. पुढे तर त्यानं ती ओळ टीमच्या स्क्रिप्टमध्येच घातली, म्हणजे दाबायलाही नको. आणि सगळ्यांनी त्याचे आभार मानले.

मला त्या ओळीनं अस्वस्थ केलं. कारण सांगायला मात्र मला आमच्या खालच्या मजल्यावरचे काका लागले.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, सिग्नल विभागातले. संध्याकाळी अंगणात पाणी मारून खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना माझ्या कामातलं काही सांगत असते, त्यांना त्यातलं अर्धं कळत नाही आणि उरलेलं माझ्याहून चांगलं कळतं. त्या दिवशी फाटकाचा विषय निघाला. मी म्हटलं, काका, गाडी दिसतही नाही आणि फाटक लावून ठेवतात, लोक खालून जाणारच ना.

"अवं, फाटक म्हणजे नुसता दांडा असते का?" काका म्हणाले. "दांडा लागला, कुलूप लागलं, की मग चाबी निघते. ती चाबी जोवर जागेवर जात नाही, तोवर सिग्नल देता येत नाही. अन् एकदा का सिग्नल दिला, की मग फाटकवाल्यानं लाख म्हटलं तरी दांडा उघडत नाही. लोकायले वाटते का आपल्याले अडवून राहिले. आपल्याशी काही घेणं नाही त्याचं. तिकडं गाडीले शब्द दिलेला असते का रस्ता मोकळा आहे म्हणून."

दांडा आपल्याला अडवण्यासाठी नाही, दुसऱ्या कुणाला तरी दिलेल्या शब्दासाठी आहे, हे मला पटकन समजलं, कारण इंडेक्स.लॉक नेमकी तीच गोष्ट आहे. गिटच्या पोटात 'इंडेक्स' नावाची एक फाइल असते. पुढच्या कमिटमध्ये काय काय जाणार, याची ती यादी. या यादीत बदल करायचा असेल तर गिट मूळ फाइलला हात लावत नाही. शेजारी इंडेक्स.लॉक या नावानं नवी फाइल बनवायला मागतं, तीही 'नसेल तरच बनव' या अटीवर. दोघांनी एकाच क्षणी मागितलं तरी ऑपरेटिंग सिस्टिम ती एकालाच देते. ज्याला मिळाली तो अख्खी नवी यादी तिच्यात लिहितो आणि शेवटी तिचं नाव बदलून तिला मूळ इंडेक्सच्या जागी बसवतो. नाव बदलणं एका झटक्यात होतं. त्यामुळे मध्येच कुणी डोकावलं तर त्याला जुनी यादी दिसेल किंवा नवी दिसेल, अर्धवट लिहिलेली कधीच दिसणार नाही.

यातली एक गोष्ट सहज निसटते. ही फाइल नुसतं कुलूप नाही. ती उद्याच्या इंडेक्सचा कच्चा खर्डाही आहे. तिला 'उडवणं' म्हणजे दार उघडणं असं त्या पोराला वाटत होतं. खरं तर तो कुणाच्या तरी हातातला लिहिता कागद ओढून घेत होता.

आणि तो ओढला तर काय होतं, हे एकदा नीट मांडून पाहण्यासारखं आहे. समजा, एक गिट आत काम करतंय. खर्डा अर्धा लिहून झालाय. तुम्ही बाहेरून फाइल पुसली. तुमच्या गिटला वाटलं, मोकळं आहे. त्यानं त्याच नावाची स्वतःची नवी फाइल बनवली आणि लिहायला घेतली. एवढ्यात पहिल्याचं लिहून झालं. त्याला मधल्या घडामोडींचा पत्ता नाही. ठरल्याप्रमाणे तो इंडेक्स.लॉक या नावाची फाइल उचलून इंडेक्सच्या जागी बसवतो. पण त्या नावाखाली आता तुमची अर्धवट लिहिलेली फाइल आहे! अर्धवट इंडेक्स गिटला धड वाचता येत नाही, त्यामुळे पुढच्या वाचनाला गडबड सहसा उघडी पडते आणि इंडेक्स बिघडल्याचं ते सांगतं. सुदैवानं झालेली कमिट्स शाबूत राहतात, इंडेक्स पुन्हा उभा करता येतो. जातं ते एवढंच, की तुम्ही तासभर निवडून निवडून पुढच्या कमिटसाठी बाजूला काढलेले बदल कुठले होते, ही निवड. हे दर वेळी होत नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीच होत नाही. गाडी दिसत नसते.

मग शोध सुरू झाला, आणि पहिल्याच पायरीवर लक्षात आलं की आम्ही एक आजार समजत होतो तिथे दोन आजार आहेत आणि दोघांची तक्रार शब्दशः एक आहे. त्यांना वेगळं करायला एकच प्रश्न पुरतो: तक्रार आल्यावर ती फाइल जाऊन पाहिली, तर ती अजून आहे का? असेल, आणि तिच्यावरची वेळ जुनी असेल, तर मालक बहुधा मेला आहे. नसेल, तर मालक जिवंत होता आणि त्याचं काम करून निघूनही गेला. बेवारस कुलूप आणि चालत्या हातातलं कुलूप. बहुतेक सल्ले पहिल्यावरचं औषध दुसऱ्याला देतात.

बेवारस कुलपाचं कारण नागपुरात शोधावं लागत नाही. गिट स्वतःच्या मागे पसारा ठेवत नाही. तुम्ही कंट्रोल-सी दाबून त्याला थांबवलं तरी मरता मरता ते लॉक पुसून जातं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, घराघरात कूलर आणि एसी एकदम ओढतात, आणि लाइट जाते. बॅटरी मेलेला जुना डेस्कटॉप क्षणात बंद पडतो, तिथे शेवटची आवराआवर करायला कुणाला वेळ मिळत नाही. प्रक्रियेला सक्तीनं मारलं तरी तेच. लाइट आल्यावर मशीन सुरू होतं, आणि मालक कधीच गेलेलं कुलूप दारावर तसंच. त्याच्या आत कुणाचं नाव-गाव नसतं, असतो तो अर्धा खर्डा. कधी कधी तोही नाही, शून्य बाइटची रिकामी फाइल. हिला पुसण्यात काहीच पाप नाही. गिटच्या त्या सभ्य तक्रारीतलं शेवटचं वाक्य हिच्यासाठीच लिहिलेलं आहे.

नाव-गाव नसतं, हे मात्र मला खटकतं. त्याच गिटमध्ये जुना पसारा आवरणारी जी यंत्रणा आहे, तिच्या लॉक फाइलमध्ये मशीनचं नाव आणि प्रक्रियेचा क्रमांक लिहिलेला असतो. दुसरं गिट येऊन पाहतं, हा क्रमांक अजून जिवंत आहे का; आणि फाइल बारा तासांहून जुनी असेल तर तिला जुमानत नाही. ही शिस्त इंडेक्सच्या कुलपाला नाही. पूर्वीच्या पिढीकडे तर याहून मोठी शिस्त होती. बेल लॅब्समध्ये मार्क रोचकिंड यांनी 1972 मध्ये एससीसीएस लिहिलं आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस. त्या काळात फाइलवर काम करायचं तर ती आपल्या नावावर कुलूपबंद करून घ्यावी लागे. एकानं घेतली की बाकीचे थांबत. तो कुलूप घालून सुट्टीवर गेला की त्याच्या नावानं बोटं मोडत थांबत. पण आरसीएसमध्ये दुसऱ्याचं कुलूप तोडायची सोय होती, आणि तिला एक अट होती: तोडलंत की मूळ मालकाला आपोआप मेल जाई आणि त्यात का तोडलं हे तुम्हाला लिहावं लागे. मला हा नियम फार आवडतो. तोडा, पण दोन ओळी लिहून तोडा.

मग डिक ग्रून यांनी 1986 मध्ये सीव्हीएस आणलं, तेव्हापासून विचार उलटला: सगळ्यांनी एकदम काम करा, भांडण झालं तर शेवटी मिटवू. सबव्हर्जन त्याच वाटेनं गेलं. गिटनं तर प्रत्येकाला अख्खी वही घरी नेऊ दिली. माणसामाणसांतली कुलपं गेली. उरलं ते एकाच माणसाच्या एकाच मशीनवरचं, काही मिलिसेकंद टिकणारं हे छोटं कुलूप. स्वतःच्या घरात आपण एकटेच असतो, या भरवशावर त्याला नाव-गाव दिलं नसावं, असा माझा तर्क आहे. आणि आमचा दुसरा आजार या भरवशातूनच आला.

कारण आपण एकटे नसतो. गिटला सांगून ठेवलं तर मशीनवर चालणाऱ्या प्रत्येक गिट-प्रक्रियेची नोंद ते एका फाइलमध्ये लिहितं: केव्हा सुरू झाली, कुठल्या आज्ञेनं, किती वेळ चालली. ही सोय 'ट्रेस टू' या नावानं आहे आणि इतकी उपयोगी असूनही फार थोड्यांना माहीत आहे. मी ती सुरू केली आणि एका दुपारनंतर नोंदी उघडल्या. माझ्या हातून गेलेल्या आज्ञा त्या गर्दीत शोधाव्या लागल्या. बाकीच्या कुणी दिल्या होत्या? एडिटरनं. मी फाइल सेव्ह केली की काय बदललं ते रंगवून दाखवायला तो मागच्या मागे 'गिट स्टेटस' विचारत होता. टर्मिनलनं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शाखेचं, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्याचं, नाव आणि बदलाची खूण दाखवायला तेही विचारत होतं. आणि आमच्या बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम घडवणाऱ्या, स्क्रिप्टनं. ती दर वेळी आवृत्तीचा क्रमांक काढायला 'गिट डिस्क्राइब' चालवत होती, तेही 'काही न नोंदवलेले बदल आहेत का' या जास्तीच्या प्रश्नासह.

यातलं कुणीच काही बदलायला आलं नव्हतं. सगळे नुसते बघायला आले होते. मला वाटलं होतं, बघणाऱ्यानं कुलूप कशाला घ्यावं? पण गिट स्टेटस बघता बघता एक काम करून जातं. प्रत्येक फाइलची शेवटची वेळ, आकार वगैरे इंडेक्समध्ये टिपलेलं असतं. ते शिळं झालेलं दिसलं तर गिट ताजं करून लिहून ठेवतं, पुढच्या वेळी बघणं लवकर व्हावं म्हणून. लिहायचं म्हटलं की लॉक आलं. ते मिळालं नाही तर स्टेटस कुरकुर न करता तसंच निघून जातं. पण त्याला ते मिळालं आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही कमिट केलं, तर अडता तुम्ही. आणि इंडेक्सच्या बाबतीत गिट क्षणभरही वाट पाहत नाही. शाखांच्या नोंदींचं कुलूप असेल तर ते 100 मिलिसेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, एकत्र बांधलेल्या नोंदींसाठी एक सेकंद. इंडेक्ससाठी मात्र दार बंद दिसलं की तिथूनच परत.

आता 'जेवणानंतरच का' याचा उलगडा झाला. दुपारी मी बिल्ड सतत चालू ठेवते, म्हणजे बघणाऱ्यांत एकाची भर. शिवाय दुपारी खोली तापते, लॅपटॉप तापतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जे कुलूप सकाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत निघतं, ते दुपारी थोडं जास्त वेळ लागून राहतं. हजारो फाइलींच्या प्रोजेक्टमध्ये इंडेक्सही मोठा, लिहायला तेवढाच जास्त वेळ. टीममध्ये विंडोजवाल्यांना ही तक्रार अधिक येई, कारण तिथे अँटिव्हायरस प्रत्येक नव्या फाइलला उघडून हुंगतो आणि तेवढा वेळ तिचं नाव बदलू देत नाही. प्रोजेक्टचं फोल्डर ढगात आपोआप चढवणाऱ्या प्रोग्रामखाली ठेवलं असेल तर आणखी एक पाहुणा वाढला. दोन-चार मिलिसेकंदांच्या खिडकीत दोघांची गाठ पडणं हा निव्वळ योगायोग असतो. पण योगायोगांनाही गर्दी मानवते.

एका सहकाऱ्याच्या मशीनवर तर निराळीच गंमत निघाली. त्याचं कुलूप अर्धा अर्धा तास राही आणि मग आपोआप जाई. तो 'कमिट'ला 'सगळं घे' हा पर्याय जोडत असे. त्या पर्यायात गिट संदेश लिहायला एडिटर उघडतं, आणि संदेश लिहून एडिटर बंद होईपर्यंत लॉक धरून ठेवतं. हा गृहस्थ एडिटर उघडा टाकून जेवायला जाई. दुसऱ्या खिडकीत अडलं की पुन्हा गिटलाच शिव्या. तक्रारीच्या मजकुरात उदाहरण म्हणून एडिटरचं नाव छापलेलं आहे, ते उगाच नाही.

दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एका जागेत शिरू नये, हा प्रश्न संगणकशास्त्रात चांगला म्हातारा आहे. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये त्यावर एका पानाचा निबंध छापला, आणि अशा वाट पाहण्यासाठी त्यांनी जे साधन रचलं त्याला नाव दिलं सेमाफोर, रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या जुन्या सिग्नलचं. हे मी काकांना सांगितलं. त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. "मग? आमच्याकडूनच घेतलं असन," म्हणाले, आणि पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला.

उपाय दोन प्रकारचे निघाले. पहिला, बघणाऱ्यांना सांगायचं की नुसतं बघा, लिहू नका. गिटमध्ये याची सोय ऑक्टोबर 2017 च्या 2.15 या आवृत्तीपासून आहे. 'ऐच्छिक कुलपं घेऊ नको' असं आज्ञेत किंवा वातावरणाच्या चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) सांगता येतं. ती नेमकी अशा मागच्या मागे चालणाऱ्या प्रोग्रामसाठीच केली गेली. टर्मिनलच्या स्क्रिप्टमध्ये मी ती घातली. एडिटरच्या सेटिंगमध्ये शोधलं तर त्याची दर वेळची चौकशी कमी करता आली. याची थोडी किंमत असते: ताजं केलेलं लिहून ठेवता येत नसल्यानं प्रत्येक बघणं किंचित हळू होतं. परवडतं.

दुसरा उपाय पुलाचा. फाटकाची वाट पाहणं कमी करायचं तर गाड्या कमी कराव्या लागतात किंवा रस्ते वेगळे. गिटमध्ये 2015 पासून 'वर्कट्री' आहे. एकाच वहीची दुसरी बैठक वेगळ्या फोल्डरमध्ये मांडायची. इतिहास सामायिक, पण इंडेक्स ज्याचा त्याचा, म्हणून त्याचं कुलूपही ज्याचं त्याचं. बिल्ड मी अशा वेगळ्या बैठकीत हलवला. हल्ली लोक एकाच प्रोजेक्टवर एआयचे दोन-तीन मदतनीस एकदम सोडतात, तेही आपापल्या हातानं गिट चालवतात. त्यांना एका फोल्डरमध्ये कोंडून मग लॉकची तक्रार करणाऱ्यांची मला कीव येत नाही. वर्कट्री फुकट आहे.

ही सगळी खटपट झाल्यावर दुपारची तक्रार आमच्याकडे थांबली. लाइट गेल्यावरची थांबली नाही, थांबणारही नाही, आणि तिचं मला वाईटही वाटत नाही. त्या मशीनला यूपीएस घ्या, एवढंच. टीमच्या स्क्रिप्टमधली फाइल उडवणारी ओळ मी काढली. तिच्या जागी आता लॉक दिसलं तर स्क्रिप्ट एक सेकंद थांबते, पुन्हा पाहते, आणि तरीही ते असेल तर त्याची वेळ आणि त्या घडीला चालू असलेल्या गिट-प्रक्रियांची यादी समोर ठेवून निर्णय माणसावर सोडते. पोरगा म्हणाला, "ताई, हे तर आधीपेक्षा हळू करून टाकलं तुम्ही." एका सेकंदानं, हो.

तुमच्याही मशीनवर असा एखादा अलायस असेल, आणि तो असण्याची शक्यता मोठी आहे, तर आज तो काढून टाका. तक्रार पुढच्या वेळी येईल तेव्हा आधी फाइलची वेळ पाहा, मग चालू प्रक्रियांची यादी पाहा. यादीत कुणी नसेल, तर खुशाल पुसा.